अकराव्या फळीची जागा

सोमवार, ४ फेब्रुवारी

ठिप. ठिप. ठिप. आणि मग खणखणीत आवाजात — ‘सरकुन घ्या रे, जागा ठेवा, फळी फळीला जोडा!’

आज दाढी करताना पुन्हा ऐकू आलं. बासष्ट वर्षं झाली त्या आवाजाला. शाळेचा वार्षिक समारंभ, आम्ही अठरा मुलं, प्रत्येकाची एक ओळ. पहिल्या दहा ओळी धडाधड. मग तीन थेंबांएवढी शांतता. मग एकदम बारावी. अकरावी नाहीच! (शाळेच्या मंडपात नळ कुठून आला देव जाणे. पण ठिपठिप पक्की आठवते.)

गालावर फेस तसाच, मी आरशासमोर बारावी ओळ म्हणतोय. बाहेरून सूनबाईचा आवाज — बाबा, नळ नीट बंद होत नाहीये का? बंद होत होता. मीच बंद करत नव्हतो.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

काल अर्धवट राहिलं. आज सगळं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या हेही गळून जायचं.

ती कविता कुठल्या पुस्तकात नव्हती. आमच्या मास्तरांनी आमच्यासाठी रचलेली. वर्गात अठरा डोकी म्हणून अठरा ओळी. ओढ्यावर पूल बांधायचा, एकेक मुलगा म्हणजे एकेक फळी. सुरुवात अशी —

ओढ्यावरती पूल बांधला, फळी फळीला लागे
मी पुढती अन् तूही माझ्या ये ना मागे मागे

काय चाल होती! बाकावर ताल धरून मास्तर म्हणायला लागले की खिडकीची तावदानंसुद्धा थरथरायची. आणि मास्तरांचा नियम असा की, नुसती आपली ओळ पाठ करून भागायचं नाही. आपल्या आधीच्याची ओळही पाठ पाहिजे. म्हणजे आपण कधी उठायचं ते आपोआप कळतं. ‘स्वतःपुरतं पाठ करणारा पुलावरून पडतो’ असं म्हणायचे.

अठरापैकी सतरा ओळी मला आजही येतात. एवढी वर्षं, एवढ्या बदल्या, ही गेली तेव्हाचे ते सगळे दिवस — सतरा ओळी जागच्या हलल्या नाहीत. अकराव्या जागी मात्र नुसतं भोक.

ती ओळ खिडकीवालीची. कंपाउंडरची मुलगी, माझ्या शेजारी खिडकीच्या बाजूला बसायची. ती अकरावी, मी बारावा. समारंभात बिचारीची ओळ हुकली. महिन्याभरात वडिलांची बदली झाली, आम्ही गाव सोडलं, ना मास्तर दिसले ना ती.

बुधवार, ६ फेब्रुवारी

वाचनालयात गेलो होतो. ग्रंथपालबाई मासिकांच्या खोलीतलं जुनं सामान काढायला निघाल्यात. कोपऱ्यात एक जुना संगणक, धुळीने माखलेला. लावून पाहिला तर काळा पडदा, हिरवी अक्षरं! अगदी आमच्या वीज कचेरीतली. एकतीस वर्षं त्या हिरव्या अक्षरांसमोर बसलो. डोळ्यांत पाणी आलं ते धुळीने आलं असं बाईंना सांगितलं.

भंगारवाला महिनाअखेरीला येणार. तोवर हा मला द्या, म्हटलं. दारातल्या मेजावर ठेवतो, पडद्यावर कविता लावतो. येणारे-जाणारे वाचतील, कुणाला अकरावी ओळ आठवली तर तिथल्या तिथे टाइप करतील.

बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, जी कविता कुठे छापलीच नाही, ती कुणाला आठवणार?

म्हटलं, सतरा जणांना. आता जितके असतील तितक्यांना.

 मेजावरची वर्तमानपत्रं उचलून त्यांनी स्वतः जागा करून दिली.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

संगणकाला आज्ञा द्यायची माझी सी भाषा अजून शाबूत आहे! अर्धविराम तेवढे विसरतो.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

आज आनंदाने दोनदा टाळ्या वाजवल्या. एकट्याने. सूनबाई बघून गेली.

झालं असं. काळ्या पडद्यावर खिडक्या आखून त्यांत अक्षरं मांडायची एक लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, असते सी भाषेत. तिच्यात मजकूर टाकायच्या दोन तऱ्हा. एक तऱ्हा धसमुसळी. जिथे सांगाल तिथे लिहिते, खाली जे असेल त्याच्या उरावर. आधीचं गेलं! कचेरीत आम्ही जन्मभर तीच वापरली. पण दुसरी — दुसरी म्हणजे मर्यादाशील माणूस. कर्सर जिथे उभा असेल तिथे ती नवा शब्द हळूच सरकवते, आणि उजवीकडची सगळी अक्षरं निमूट बाजूला होतात. कुणी पुसलं जात नाही. कर्सरसुद्धा जागचा हलत नाही, यजमानासारखा दाराशीच उभा.

‘सरकुन घ्या रे, जागा ठेवा!’ मास्तरांची बारावी ओळ, दुसरं काय! मास्तरांना सी भाषा येत होती असं उद्या कुणी सांगितलं तरी मी विश्वास ठेवीन.

आणखी एक गंमत. त्या आज्ञेला शब्दातली किती अक्षरं टाकायची तो आकडा सांगता येतो. आकड्याऐवजी उणे एक दिलं की तिला कळतं — सगळी टाक. उणे एक म्हणजे सगळे! यावर मास्तरांनी एक तास घेतला असता.

शनिवार, ९ फेब्रुवारी

काना-मात्रांनी छळलं. अक्षर एका घरात, वेलांटी शेजारच्या घरात. ‘फळी’ची ‘फळ’ होते आणि पलीकडे एक दीर्घ वेलांटी एकटीच उभी, माहेरी निघाल्यासारखी. लायब्ररीतली रुंद अक्षरांची वेगळी भावंडं आहेत, ती वापरली तेव्हा संसार जमला.

सूनबाई दवाखान्यातून दमून आली होती. तरी दहा मिनिटं उभी राहून बघत बसली. बाबा, तुम्ही टाइप केलं पण पडद्यावर काहीच कसं नाही आलं? म्हटलं, मी ‘रिफ्रेश’ म्हणेपर्यंत येत नाही. तोवर ते सगळं त्याच्या मनात असतं. ती म्हणाली, तुमच्यासारखंच की.

सोमवार, ११ फेब्रुवारी

उद्घाटन! मी इस्त्रीचा सदरा घातला. बाईंनी मेजावर कापड टाकलं. अठ्ठावीस घरं रुंद अशी चौकट आखली होती, कविता तिच्यात चोपून बसली. अकराव्या जागी रिकामी ओळ आणि तिथे लुकलुकणारा कर्सर. चौघांनी वाचली. शेजारच्या केशकर्तनालयाचा न्हावी तर गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर बसवून आला.

मला राहवेना. म्हटलं प्रत्येक ओळीच्या आधी ती म्हणणाऱ्याचं नाव टाकू. नावं म्हणजे आम्ही वर्गात ठेवलेली तीच — सुताराचा, खिडकीवाली, शिंप्याची थोरली, शिंप्याची धाकटी, गोट्या, लंबू, आणि एक मी. उद्या टाकतो.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

हाय रे दैवा! नावं टाकली, मोठ्या दिमाखात ‘रिफ्रेश’ केलं, चहा प्यायला गेलो. परत येतो तो बाई वाचतायत — पहिल्या फळीला कुणी ‘लागे’चना, दुसरीच्या ‘मागे मागे’तला एक मागे गायब. आणि शेवटची ओळ!

ओढा गेला मागे मागे, आम्ही सारे पार

असायला हवी. पडद्यावर काय? ‘ओढा गेला मागे मागे, आम्ही सारे’. आणि ‘पार’ गेला चौकटीबाहेर!

बाई म्हणाल्या, सगळे ओढ्यातच का?

कारण सापडलं. ती मर्यादाशील आज्ञा आत येणाऱ्याला जागा करून देते खरी, पण उजव्या काठावर जो उभा असतो त्याला ढकलून देते. आवाजही करत नाही! आत एक शिरला की तिकडे एक पडला. मी चार दिवस तिची स्तुती करत सुटलो होतो. मी पुढे नावं घुसवली आणि मागून यमकं पडली.

हसून हसून ठसका लागला. ग्रंथालयात शांतता राखा, असं बाई पाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, पण त्यांचेही खांदे हलत होते.

चौकट चाळीस घरांची केली. आता नावही राहतं, यमकही राहतं. रुंदी वाढवली की कुणालाच पडावं लागत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला त्र्याहत्तर वर्षं लागली.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

अकरावीसाठी सूचनांचा पाऊस. शेवट ‘डा’ने व्हायला हवा हे सर्वांना कळलंय, कारण बारावीचा शेवट ‘जोडा’. न्हाव्याने आज टाइप केली —

पुलावरूनी टपटप टपटप पळे कुणाचा घोडा

मात्रा अचूक! मी थक्क. त्याला म्हटलं, अहो पण फळ्यांचा पूल, त्यावर घोडा कसा? तो म्हणाला, म्हणूनच तर तुमची अकरावी फळी मोडली.

घोडा दिवसभर राहू दिला. जाताना पुसला. 

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आज आणखी एक फजिती. नावांची यादी नव्याने भरली आणि सगळी नावं एकेक ओळ वर सरकली! सुताराच्या दहाव्या ओळीला खिडकीवालीचं नाव. शिंप्याच्या थोरलीला माझी बारावी. आणि रिकाम्या अकरावीसमोर कोण? — मी!

‘मी —’ आणि पुढे काळाकुट्ट अंधार, त्यात कर्सर लुकलुकतोय. स्वतःच्या नावापुढे एवढं रिकामं कधी पाहिलं नव्हतं. पोट धरून हसलो.

चूक नेहमीचीच. यंत्र शून्यापासून मोजतं, मी एकापासून. कचेरीत एकतीस वर्षं नव्या लोकांना हेच बजावायचो.

न्हाव्याला मात्र हेच आवडलं. मोबाइल काढून फोटो घेतला. म्हणे, सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवतो, बघू कुणाला ओळ सुचते. अहो थांबा, चुकीचा आहे, दुरुस्त करू द्या, म्हणेपर्यंत गेलासुद्धा. अर्ध्या गावाला आता चुकलेला फोटो!

दुपारी दुरुस्त केलं. अकरावी — खिडकीवाली. बारावी — मी. आता बरोबर.

सोमवार, १८ फेब्रुवारी

आज हसू नाही आलं. लिहावं की नको, असं होतंय.

बाईंना मास्तरांचा नियम सांगत होतो. आपल्या आधीच्याची ओळ पाठ हवी, वगैरे. त्या पुस्तकांवर शिक्के मारता मारता थांबल्या. म्हणाल्या, "तुम्ही बारावे ना? मग अकरावी तुम्हाला पाठ असायलाच हवी."

 इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

बाईंनी शिक्का मारला आणि पुढचं पुस्तक घेतलं. त्यांच्या लेखी संपलं. मी घरी येईपर्यंत एकच विचार. तिची ओळ मला येत होती. नियमच होता. ती शेजारी उभी, गप्प झालेली. ठिप, ठिप, ठिप. तीन थेंब मी काय करत होतो? नुसती कुजबुजलो असतो तरी तिने उचलली असती. मी तोंड उघडलं नाही. आणि तिची ओळ सांगितली नाही म्हणूनच ती माझ्या डोक्यातूनही निघून गेली असेल. शिक्षाच ती.

म्हणजे मला ओळ शोधायची आहे ती कवितेसाठी नाही. तिला परत द्यायची आहे. ‘ही घ्या तुमची, तेव्हा द्यायची राहिली’ एवढं म्हणायचं आहे. ती कुठे आहे, आहे की नाही, तेही माहीत नाही.

गंमत अशी की दहावी, सुताराची, मला झोपेतून उठवलं तरी येते —

खाली पाणी हसून म्हणते, कोण कोण रे आले

माझी स्वतःची बारावीसुद्धा एवढी सहज येत नाही. बारावी आठवली की नेहमी दुरून, दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात ऐकू येते.

बुधवार, २० फेब्रुवारी

ताईला फोन केला. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, एक्क्याऐंशी पूर्ण. तिला खिडकीवाली आठवते का, लग्नानंतर कुठे गेली, असं विचारलं. तिला कंपाउंडर आठवतो, त्याची सायकल आठवते, मुलीचं पुढचं माहीत नाही.

मग मी समारंभाचं काढलं. तर ताई म्हणते, "तू कुठे होतास समारंभाला? शाळेला लागून आपल्या घरामागच्या पाण्याच्या टाकीआड बसला होतास. मीच शोधून काढलं तुला, चड्डी ओली करून बसलेला."

म्हटलं ताई, तो वेगळा दिवस. टाकीआड मी गणिताच्या पेपराला लपलो होतो. ती म्हणाली असेल बाबा, तू म्हणशील ते. आणि गुडघ्याच्या तेलाचं सांगायला लागली.

ताईचं वय झालं. जपायला हवं तिला. दिवसांची सरमिसळ होते, एक आठवण आत शिरली की दुसरी काठावरून पडते. माझ्या आज्ञेसारखंच.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

आज अकरावीत कुणीतरी ‘येथे थुंकू नये’ असं टाइप करून गेलं. मात्रासुद्धा मोजल्या नाहीत!

सोमवार, २५ फेब्रुवारी

तीन दिवस उरले. चार दिवसांत अकरावीसाठी तेवीस ओळी आल्या. तोडा, सोडा, कोडा, गोडा, जोडा पुन्हा एकदा. पोस्टातून निवृत्त झालेल्या आजींनी तर अख्खं कडवं केलं. सगळ्या ओळी चांगल्या आहेत. तिची एकही नाही. तिची असती तर मला कळलं असतं, कशी ते सांगता येणार नाही. किल्ली लागते तसं काहीतरी झालं असतं.

तरी गर्दी बघून मन असं वर वर जातं! मासिकांच्या खोलीत कुणी फिरकत नव्हतं, आता दारात रांग लागते. शाळेतून सुटलेल्या मुली अठरा जणींचा गट करून एकेक ओळ म्हणायला लागल्या. अकरावीला कोण उभं राहणार म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. जिच्या नावाची निघाली ती उभी राहून ठसक्यात म्हणाली, ‘रिकामी!’ आणि बसली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

मास्तर, ऐकताय ना? तुमची कविता अजून अठरा जणींना पुरते.

बाई म्हणाल्या, तुमचा पूल तर चालू झाला. एक फळी नसली तरी मुली उडी मारून जातायत.

बुधवार, २७ फेब्रुवारी

भंगारवाला एक दिवस आधीच आला. बाईंनी त्याला बसवून पाणी दिलं, मला बोलावणं पाठवलं, आणि मी पोचेपर्यंत त्याला बाहेरच थांबवून ठेवलं. पडदा बंद करायचं बटण दाबायचं माझ्यासाठी ठेवलं होतं.

शेवटचं वाचलं. सतरा ओळी, अठरा नावं. अकरावी — खिडकीवाली, आणि पुढे काळोख. कर्सर लुकलुकतोय. तिथे मी काहीतरी लिहावं असं वाटलं. न्हाव्याचा घोडा तरी. पण दुसऱ्याच्या जागेवर नाही लिहवलं.

बटण दाबलं. हिरवा ठिपका मधोमध आला, बारीक झाला, गेला.

भंगारवाल्याने यंत्र खांद्यावर घेतलं, तेव्हा बाई म्हणाल्या, जपून, त्यात पूल आहे. त्याला काही कळलं नाही. तरी तो जपून उतरला पायऱ्या.

वाईट वाटायला हवं होतं. पण परतताना रस्त्याने मी दहाव्या ओळीपर्यंत म्हणत आलो, तीन पावलं गप्प, मग बारावी. पुन्हा पहिल्यापासून. कोपऱ्यावरच्या फुलवालीने विचारलं, आजोबा, मध्येच थांबता का? म्हटलं, तिथे एक जण यायचा आहे.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

सकाळी दहाला बेल वाजली. सूनबाई दवाखान्यात. दार उघडलं तर एक पांढऱ्या केसांच्या बाई, हातात काठी, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर न्हाव्याने काढलेला तो चुकलेला फोटो. दाढी करता करता त्यांच्या जावयाला दाखवला होता म्हणे, माझा पत्ताही त्यानेच दिला.

मी विचारलं, आपण कोण?  त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. रिकाम्या अकरावीसमोर, ‘मी’वर.

"बासष्ट वर्षांनी का होईना, कबूल केलंस," म्हणाल्या. "मला दहावी कशी दिलीस ते मात्र कळलं नाही. मी बारावी होते."

काठी दाराला टेकवून ठेवली आणि मग सांगितलं. तू घाबरून पळालास. तुझी पाळी आली, सगळे माझ्याकडे बघायला लागले. नियमाप्रमाणे मला येत होती तुझी. मी ती मनात म्हटली, पूर्ण, आणि मग माझी म्हटली.

टाकीचा नळ. ठिप, ठिप, ठिप. मंडपात नळ नव्हताच.

मोठ्याने का नाही म्हटलीस, असं मी विचारलं.

"तुझी होती ना."

आणि उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या तिने ती मला दिली —

मीही आलो, धाप लागली, उशीर झाला थोडा

आत ये म्हणायचंही सुचलं नाही. मी ताठ उभा राहिलो, हात बाजूला घेतले आणि म्हटली. मोठ्याने. जिना घुमला. आणि एका थेंबाचीही वाट न बघता तिने बारावी उचलली.